भर उन्हाळ्यात थंडी वाजवणारी वायर

ती पांढरी वायर आजही माझ्या बोटांना आठवते. हातात घेतली की साबण लावल्यासारखी सुळकन निसटायची. नोकरीत मी सोनं जप्त केलं, गांजा जप्त केला, चोरीचे बैलसुद्धा ठाण्याच्या आवारात बांधले. पण कौतुकानं बघत बसावं असा मुद्देमाल मला एकदाच मिळाला, आणि तो म्हणजे ही वायर.

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. भोकर आणि उमरीकडची नोकरी आटोपून मी नांदेड रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार म्हणून रुजू झालो होतो. नव्या जिल्ह्यात साहेब नवे होते, कागदांचे नमुने नवे होते, सामान तेवढं जुनं होतं. वरिष्ठांना घाई फार. नव्या जिल्ह्याचं काम उठून दिसलं पाहिजे, हे प्रत्येक बैठकीत ऐकावं लागे. त्यात दुष्काळ. आडांना तळ दिसायला लागला होता. सकाळच्या हजेरीनंतर माझे निम्मे शिपाई टँकरवरची भांडणं सोडवायला जात आणि उरलेले चोरीला गेलेल्या पाणबुडी मोटरींच्या फिर्यादी लिहीत बसत.

अशा दिवसांत सरकारचं एक पाणी शोधणारं पथक आमच्या तालुक्यात आलं. खोदलेल्या बोअरमध्ये ते एक लांबट नळी सोडत आणि कुठल्या थरात पाण्याची भेग आहे ते वर ठेवलेल्या यंत्रावर वाचत. ती नळी ज्या वायरीवर लोंबकळत जाई, तीच ही पांढरी वायर. पथकाचा मुक्काम विश्रामगृहात होता. एक अभियंता, एक जीपचालक आणि एक मदतनीस, असे तिघेच जण. मदतनीस उमरीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला, पंचविशीचा. आईबाप मजुरी करणारे, आणि घरातली पहिली सरकारी नोकरी याची. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे.

सोमवारी सकाळी अभियंता धापा टाकत ठाण्यात आला. वायरीची अख्खी गुंडाळी गेली होती. मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन पंचनाम्याला गेलो. खोलीला कुलूप जसंच्या तसं, खिडकीला गज, दाराची फळी तुटलेली नाही. किल्ली एकाच्याच कमरेला. रविवारी सुट्टीत तो गावी जाऊन आलेला, जाताना हातात भली मोठी पिशवी. मी मनात म्हटलं, झालं काम, दुपारच्या जेवणाआधी गुन्हा उघड.

“पिशवीत काय होतं?” मी विचारलं.

“साहेब, बहिणीची सुपारी होती, लग्न ठरलं तिचं. दोन पातळं होती, नारळ होते.”

“आणि वायर?”

“मी कशाला नेऊ साहेब? त्या वायरीवर माझं पोट हाय.”

मी त्याला ठाण्यात आणून बाकड्यावर बसवलं. स्टेशन डायरीत त्याचं नाव, बापाचं नाव, गाव लिहिलं आणि पुढे ‘संशयित’ असं माझ्याच हातानं लिहिलं. एक शिपाई त्याच्या गावी पाठवून घराची झडती घेतली. झडतीत दोन पातळं आणि नारळ सापडले. बाकी काही नाही.

संध्याकाळी उपअधीक्षक साहेबांचा फोन आला. “किल्लीवाल्याला अटक का नाही दाखवली? उद्या संध्याकाळपर्यंत दाखवा. त्याच्या खात्यानं निलंबनाचा कागद तयार ठेवला आहे, तुमच्या अटकेची वाट बघताहेत.”

आमचा हवालदार मूळचा भोकरचा, निजामाचा काळ पाहिलेला जुना माणूस. माझं कुठं चुकलं तर तोंडावर सांगायचा, म्हणून मला आवडायचा आणि त्याच कारणानं कधीकधी आवडायचा नाही. तो म्हणाला, “साहेब, पोरगं दिवसभरात चारदा एकच विचारून राहिलं. मशीन बंद पडली तर आज जिथं नळी सोडायची होती त्या वाडीच्या बोअरचं काय, म्हणून. चोराला बोअरची कशाला पडलीय? मला हे काम बरोबर दिसून नाही राहिलं.”

मी त्याच्यावर खेकसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं.

मंगळवारी सकाळी मी अभियंत्याला बोलावून घेतलं. मला आधी माल समजून घ्यायचा होता. पंचनाम्यात मी नुसतं ‘पांढरी वायर, एक गुंडाळी’ असं लिहून मोकळा झालो होतो. जो माल कळत नाही त्याचा चोरही कळत नाही, हे मला उशिरा सुचलं.

अभियंता वायरीबद्दल बोलायला लागला की पोटच्या पोरीबद्दल बोलतोय असं वाटायचं. म्हणाला, “साहेब, आपल्या घरातल्या वायरीवर साधं प्लास्टिक असतं. उन्हात तडकतं, तेलात फुगतं, गरम झालं की वितळतं. या वायरीवर फ्लोरोपॉलिमरचं आवरण आहे. अडीचशे अंशांच्या उष्णतेत हे वर्षानुवर्षं तसंच राहतं. तेल, तेजाब, खारं पाणी, कशाचा परिणाम नाही. पाणी आत शिरत नाही. थर पातळ असून वीज बाहेर फुटू देत नाही. विमानात, भट्टीत, वायरलेसच्या यंत्रात हीच वापरतात. आणि याला काही म्हणजे काही चिकटत नाही.”

त्याच पदार्थाचा लेप दिलेले तवे आज घरोघर आहेत. तेव्हा आम्हाला ते नावसुद्धा माहीत नव्हतं.

“म्हणजे चोरानं ती विकली तर घेणार कोण?” मी विचारलं.

“इथं कोणीच नाही. इथल्या कुठल्याच मोटरीला ती लागत नाही.”

“जाळून तांबं काढलं तर?”

अभियंता हसला. “जळायची नाही हो. विस्तवाला दाद देत नाही ती. फार भडका केला तर आवरण करपून त्याचा धूर होईल. पण तो धूर वाईट. कारखान्याच्या पुस्तकात लाल अक्षरात लिहिलंय. जो तो धूर ओढेल त्याला काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, छाती जड होते, खोकला लागतो. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. डॉक्टरलाही हिवतापच वाटतो.”

ही माहिती मी ऐकली आणि तिथंच सोडून दिली. तिचं मोल मला दोन तासांनी कळलं.

अकराच्या सुमारास लातूरहून फोन आला. चोरीची खबर आम्ही नेहमीप्रमाणे भंगारवाल्यांना आणि सराफांनाही दिली होती. वायरीच्या चोरीत सराफांचा काय संबंध, असं हवालदार पुटपुटला होता, पण यादी ठरलेली होती आणि मी यादीप्रमाणे चालणारा माणूस. फोन एका सराफाचा होता. मी एसटीनं लातूर गाठलं. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे ओढलेले, शांत बोलणारे वयस्क अप्पा गादीवर बसले होते.

“काल दुपारी एक गिऱ्हाईक आलतं साहेब,” अप्पा म्हणाले. “चांदीची तार हाय म्हणला. दिसायला चांदीच, पांढरीशुभ्र. कसोटीवर घासली, तर वर चांदीचा पापुद्रा अन् आत तांबं. म्हणलं, बाबा, हे तांबं हाय. तर माझ्यावरच तापला अन् तुकडा इथंच टाकून गेला.”

त्यांनी बोटभर तुकडा पुढं केला. एका टोकाला आवरण पात्यानं तासलेलं, दुसऱ्या टोकाला अजून पांढरं. मी तो चिमटीत धरला आणि तो निसटून गादीवर पडला. तीच वायर होती.

“माणूस कसा होता अप्पा?”

“मला काही ओळखीचा न्हाई. पण एक सांगतो. बाहेर ऊन कसलं, अन् ह्यानं अंगावर रग घेतलेला. दात वाजायलेत. मी म्हणलं, पाणी पी, तर पाण्याकडं बघून अजून कुडकुडला. लई खोकत होता.”

मी गादीवरून उठलोच. मे महिन्यातल्या भर दुपारी रग पांघरून हिंडणारा माणूस. लाल अक्षरातली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चोरानं वायर जाळायचा प्रयत्न केला होता. आणि बाकड्यावर बसलेल्या माझ्या संशयिताला ना ताप होता ना खोकला. सोमवारी दुपारी, हे गिऱ्हाईक अप्पांसमोर कुडकुडत होतं तेव्हा, तो तर माझ्याच ठाण्यात बसलेला होता. मला अप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. मी रीतसर जबाब लिहून घेतला, तुकडा पंचांसमोर सीलबंद केला आणि मिळेल त्या गाडीनं परत निघालो.

आमच्या गावात तेव्हा तीनच डॉक्टर होते. पहिल्याकडे काही निघालं नाही. दुसऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “हिवतापाचे रुग्ण? फौजदारसाहेब, गावात डबकं राहिलं नाही, डास कुठून येणार? पण थांबा. रविवारी संध्याकाळी दोन जण आले होते. दोघंही हुडहुडीनं कापत होते. एकाच घरातले दोघं एकाच वेळी आजारी, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. मोटर वाइंडिंगवाला आणि त्याचा साडू.”

मोटर वाइंडिंगचं दुकान म्हणजे दुष्काळातली भरभराट. पाणी खाली गेलं की मोटरी कोरड्या चालतात, कोरड्या चालल्या की जळतात, आणि जळल्या की याच्या दारात येतात. जळक्या मोटरीतली जुनी तार खड्ड्यात टाकायची, वर टायरचे तुकडे घालून पेटवायचं, वरचं सगळं जळून गेलं की स्वच्छ तांबं उचलायचं, ही त्या धंद्यातली रोजची रीत. हातात कुठलीही वायर आली की या माणसाचे पाय आपोआप त्या खड्ड्याकडे वळणार, हे मला लख्ख दिसलं. विश्रामगृहाची मोटर मागच्याच आठवड्यात त्यानं दुरुस्त केली होती, हे हवालदारानं सांगितलं.

संध्याकाळ व्हायला तीन तास होते. वाइंडिंगवाल्याला ठाण्यात बोलावलं. ताप उतरला होता, पण आवाज घोगरा होता. आडदांड गडी, बोलायला तयार.

“ही वायर ओळखतोस?” मी त्याच जातीची चार हात वायर टेबलावर ठेवली. ती अभियंत्यानं नळीच्या जोडापासून काढून आणली होती.

“न्हाई साहेब. जन्मात बघितली न्हाई असली वायर.”

“रविवारी ताप कशानं आला होता?”

“हिवताप. डाक्टरनं गोळ्या दिल्या.”

“लातूरला गेला होतास?”

“न्हाई की. अंथरुणात होतो.”

असा तासभर गेला. माझ्या वेळचे काही जण अशा ठिकाणी पट्टा काढत. मी त्यांना नावं ठेवत नाही असं म्हटलं तर खोटं होईल, मी ठेवतो. माराच्या भीतीनं माणूस जे तुम्हाला हवंय ते बोलतो, आणि मला तर काल एक चुकीचं उत्तर हवं होतं. त्या दिवशी मी मारकुटा असतो तर मदतनिसाकडून ते वदवूनही घेतलं असतं.

ठाण्याच्या कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह होता. मी हवालदाराला म्हटलं, “स्टोव्ह पेटवा. खिडक्या लावून घ्या, वाऱ्यानं विझतो. हा ओळखत नाही म्हणतो ना, मग आपणच वायर जाळून बघू आत काय आहे ते.”

स्टोव्ह भरभरायला लागला. मी वायर उचलली. खरं सांगायचं तर माझाही जीव मुठीत होता, कारण अभियंत्याचा इशारा मी विसरलो नव्हतो आणि जाळायचं मला मुळीच नव्हतं. मी टोक ज्योतीपासून वीतभर अंतरावर नेलं. वाइंडिंगवाला खुर्ची लाथाडून उठला, उपरण्यानं नाक-तोंड गच्च दाबलं आणि दाराकडे धावला.

“साहेब, नका! खिडकी उघडा! लई वंगाळ धूर हाय त्याचा, मरायची पाळी येती!”

मी स्टोव्ह बंद केला. मग हवालदार दाराला पाठ लावून अगदी गोडीत म्हणाला, “जन्मात न बघितलेल्या वायरीचा धूर तुला कसा काय माहीत रे बाबा?”

तो मटकन खाली बसला. मी त्या क्षणी टेबलावर अशी थाप मारली की दौत उलटली. सांगायला लाज वाटत नाही, मला नाचावंसं वाटलं होतं.

मग त्यानं भडाभडा सांगितलं. मोटर दुरुस्त करताना त्यानं अभियंत्याला सहज विचारलं होतं, टोकाला ही उघडी तार कसली चमकते? अभियंत्यानं ऐटीत सांगितलं, चांदीची आहे, हात लावू नकोस. तांब्यावर चांदीचा हलका मुलामा असतो, इतकंच ते खरं होतं. पण याच्या डोक्यात अख्खी चांदी भरली. शनिवारी अंधार पडल्यावर त्यानं बिजागरीचे स्क्रू काढले, दार कुलपासकट बाजूला सारलं, गुंडाळी घेतली आणि स्क्रू पुन्हा बसवले. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये खड्डा पेटवला. वायर जळेना, म्हणून दोघं साडू भाता घेऊन वरून वारा घालत बसले. जळेना म्हणून आणखी टायर, आणखी वारा. धूर होता तो सगळा दोघांच्या छातीत गेला. सोमवारी एक तुकडा पात्यानं तासून तो तसाच कुडकुडत लातूरला सराफाकडे गेला होता.

मी पंचनाम्यात कुलूप पाहिलं होतं, बिजागरी पाहिली नव्हती. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा स्क्रूंच्या खाचा ताज्या घासलेल्या आणि चकाकत असलेल्या दिसल्या. आंधळ्यालाही दिसल्या असत्या.

पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. आरोपी आपणहून जो माल काढून देतो तो चालतो. म्हणून लगेच पंच बोलावले, त्याचं निवेदन लिहिलं आणि तो नेईल तिकडे गेलो. दुकानामागं एक आटलेली बोअर होती. वायरीची लांबट जुडी सुतळीनं बांधून त्यानं आत सोडली होती आणि तोंडावर दगड ठेवला होता. हवालदारानं सुतळी ओढली. चिखल, गाळ, गंज, सगळं अंगावर घेऊन जुडी वर आली, अभियंत्यानं ओल्या फडक्याचा एक हात फिरवला आणि वायर नव्यासारखी पांढरी झाली. जमलेल्या लोकांच्या तोंडून ‘अरेच्चा’ निघालं. मोजली तेव्हा जळालेले आणि तासलेले काही हात सोडले तर बाकी सगळी शाबूत होती. यंत्राला तेवढी पुरत होती. अभियंता खाली मान घालून म्हणाला, “साहेब, माझ्या जिभेनं केलं हे सगळं.” मी म्हटलं, निम्मं तुमच्या जिभेनं, निम्मं माझ्या लेखणीनं.

उपअधीक्षक साहेबांना दिवे लागायच्या आत फोन केला. अटक दाखवली होती, फक्त माणूस दुसरा होता. साहेबांनी शाबासकी दिली. लातूरच्या सराफ अप्पांनी पुढे आरोपीला ओळखलं, खटला उभा राहिला आणि शिक्षा झाली. बुधवारी सकाळी यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या वाडीच्या बोअरमध्ये नळी सोडली, भेग सापडली, आणि तिथं हातपंप बसला.

पण माझी गोष्ट तिथं संपत नाही. मंगळवारी संध्याकाळीच मी मदतनिसाला म्हटलं होतं, “तू सुटलास. जा आता, मोकळा आहेस.”

तो बाकड्यावरून उठला, पण गेला नाही.

“साहेब, तोंडी नको. लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“मी चोर न्हाई असं. तुमचा शिपाई झडतीला गेला तवा सगळं गाव दारात उभं होतं. बहिणीच्या सासरच्या पाहुण्यांनी निरोप धाडलाय, पोराचं नाव साफ होऊ द्या, मग बघू म्हणून. तुम्ही माझं नाव लिहिलंय ना, मग खोडायचं बी लिहूनच खोडा.”

त्याचा आवाज चढला नव्हता. मलाच खुर्चीत बसवेना. मी वरिष्ठांना विचारलं तर उत्तर आलं की असा कुठला नमुना नाही. खरंच नव्हता. संशय घ्यायला आमच्याकडे छापील फॉर्म होते, संशय फिटल्याचा एकही नव्हता. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की अमुक इसमावर माझ्या हातून चुकीचा संशय घेतला गेला, तपासात तो पूर्णपणे निर्दोष आढळला, खरा आरोपी मालासह मिळाला आहे. सही केली, शिक्का मारला, स्टेशन डायरीत तशीच नोंद केली. त्याच्या खात्याला नक्कल धाडली आणि निलंबनाचा कागद फाटला.

ही वायर आगीत गेली, गाळात गेली, आणि पुसली की पुन्हा पांढरी. माणसाच्या नावाचं तसं नसतं. त्याला लागलेला डाग लावणाऱ्यानंच पुसावा लागतो, आणि लावताना जितक्या लोकांनी पाहिलं तितक्याच लोकांसमोर पुसावा लागतो. माझ्या नोकरीनं मला शिकवलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी असे कागद पुष्कळ लिहिले आणि नमुना नाही म्हणून कधी अडलो नाही.

तो पहिला कागद मी त्याच्या हातात दिला नाही. शिपाई गणवेशात गेला होता, म्हणून मीही गणवेश चढवला आणि रविवारी हवालदाराला घेऊन उमरीकडच्या त्या गावी गेलो. चावडीपुढं माणसं गोळा केली. पाहुण्यांनाही बोलावणं होतं, ते एका बाजूला टोप्या सावरत बसले होते. मी मदतनिसाला म्हटलं, “तुम्ही इथं माझ्या शेजारी उभे राहा,” आणि कागद वाचून दाखवला. वाचून झालं. मग त्याचा बाप पुढं आला. मजुरी करून वाकलेला, वाळलेला माणूस. हात जोडले नाहीत, रडला नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “मागं बाया उभ्या हायेत, त्यांना ऐकू आलं न्हाई. पुन्हा एकदा वाचा. जरा मोठ्यानं.”

मी टोपी सारखी केली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, कवायतीच्या मैदानावर काढतात त्या आवाजात.